‘सूक्ष्म’ की ‘लेश’? आणि ‘वाहून जातात’ का?

समुद्रविज्ञानावरच्या एका लेखाचं भाषांतर करणाऱ्या वाचकाचा प्रश्न आहे. ‘ट्रेस एलिमेंट्स’साठी, म्हणजे पाण्यात अगदी अत्यल्प प्रमाणात असणाऱ्या मूलद्रव्यांसाठी, त्यांनी ‘सूक्ष्म मूलद्रव्ये’ वापरलं आहे आणि वाक्य असं केलं आहे: “किनारी समुद्रातील सूक्ष्म मूलद्रव्ये खुल्या समुद्रात वाहून जातात.” हे बरोबर वाटतं का, असं ते विचारतात.

‘सूक्ष्म’बद्दल आधी. हा शब्द आकार सांगतो: सूक्ष्मजीव, सूक्ष्मदर्शक. इथे प्रश्न आकाराचा नाही, प्रमाणाचा आहे. शिशाचा अणू काही मॅग्नेशियमच्या अणूपेक्षा बारीक नसतो, तो समुद्रात फक्त विरळा असतो. दुसरी अडचण अशी की शेतीच्या मराठीने ‘सूक्ष्म अन्नद्रव्ये’ हा शब्द आधीच पक्का केला आहे. जस्त, बोरॉन, मॉलिब्डेनम ही पिकाला थोडीशी पण हवीच असणारी द्रव्यं. समुद्रातल्या यादीत मात्र शिसं आणि पाराही येतात, आणि त्यांना कोणी अन्न म्हणणार नाही. म्हणून मी ‘लेशमूलद्रव्ये’ घेईन.

‘लेश’वर एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. मराठीत हा शब्द बहुतेक वेळा ‘नाही’चा हात धरूनच येतो. लेशमात्र शंका नाही, गर्वाचा लेशही नव्हता. त्यामुळे कानाला ‘लेश’ म्हणजे जवळजवळ शून्य वाटतं. पण समुद्राचे आकडे पाहिले की हा शब्द किती नेमका आहे ते कळतं. २५ लाख लिटरचा एक मोठा पोहण्याचा तलाव समुद्राच्या पाण्याने भरला, तर त्यात सुमारे ८७ टन क्षार असतील. तेच पाणी किनाऱ्यापासून फार दूरच्या, लोहाची चणचण असलेल्या पृष्ठभागावरचं असेल तर त्यात विरघळलेलं लोह भरेल १४ मिलिग्रॅमच्या आसपास. आणि ही चिमूटभरही नसलेली गोष्टच तिथलं जीवन ठरवते. दक्षिण महासागरात नायट्रेट हे पोषकद्रव्य भरपूर असूनही वनस्पतिप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे वनस्पतींसारखे सूक्ष्मजीव, जोमाने वाढत नाहीत, कारण लोह कमी पडतं. समुद्रशास्त्रज्ञ जॉन मार्टिन यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस हे ठासून मांडलं. १९९३ साली गालापागोस बेटांजवळच्या समुद्रात थोडं लोह मिसळून पाहिलं, तेव्हा तिथल्या प्लवकांची वाढ खरोखरच वाढली.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ‘लेश’ हा त्या मूलद्रव्याचा गुण नाही, जागेचा आहे. भूकवचात वजनाने सुमारे ५ टक्के लोह आहे, तिथे त्याला लेश म्हणणं चूक ठरेल. प्राणवायू असलेल्या खाऱ्या पाण्यात ते फारसं विरघळत नाही, म्हणून समुद्रात लेश. तेव्हा ‘लोह हे लेशमूलद्रव्य आहे’ असं मोघम लिहू नका. ‘समुद्रात’ हा शब्द हवाच.

‘खुला समुद्र’ मी बदलेन. ती कायद्याची भाषा आहे, कुठल्याच देशाची हद्द नसलेल्या पाण्याची. आपल्याकडे ‘भरसमुद्र’ हा सुरेख शब्द आहे, भररस्ता आणि भरदुपार यांच्या जातकुळीतला. ‘खोल समुद्र’ म्हटलं तर वाचक तळाकडे पाहील, आणि आपल्याला तर बहुतेकदा वरच्या थराबद्दल बोलायचं असतं.

आता क्रियापद, आणि खरी गंमत इथेच आहे. ‘वाहून जातात’ म्हटलं की नदी किनाऱ्याला आली आणि सगळं सरळ आत गेलं असं चित्र उभं राहतं. तसं होत नाही. नदीच्या गोड्या पाण्यात लोह सेंद्रिय पदार्थांच्या सोबतीने अतिबारीक कणांच्या रूपात तरंगत असतं. नदीमुखाशी खारं पाणी मिसळलं की हे कण एकमेकांना दूर ठेवू शकत नाहीत, एकत्र येतात आणि तळाशी बसतात. यासाठी मराठीत ‘साकळणे’ हे अचूक क्रियापद आहे, रक्त साकळतं तेच. नदीने आणलेल्या या लोहाचा बहुतांश भाग असा दारातच साकळतो.

पुढे लागते ती समुद्रबूड जमीन, म्हणजे किनाऱ्यालगतचा उथळ समुद्रतळ. भूगोलाच्या पुस्तकांत ‘भूखंड मंच’ही म्हणतात, पण मला जुना शब्द आवडतो, वाचताच अर्थ दिसतो. तिथल्या गाळात जिवाणू प्राणवायू संपवतात, मग लोह पुन्हा विरघळतं आणि गाळातून वरच्या पाण्यात पाझरतं. वर प्राणवायू भेटला की परत त्याचे गंजासारखे कण होतात आणि ते खाली बसतात. मँगनीजचं ऑक्सिडीकरण, म्हणजे प्राणवायूशी संयोग, सावकाश होतं, म्हणून ते तुलनेने लांब पोचतं. लोहापैकी जे सेंद्रिय रेणूंना बिलगून राहतं, तेच प्रवाहाबरोबर टिकतं. कधी मोठाले भोवरे किनाऱ्याचं पाणी जसंच्या तसं कवेत घेऊन महिनोन्महिने आत सरकतात. उत्तर पॅसिफिकमधले हैदा भोवरे असंच लोह अलास्काच्या आखातात नेतात. (भोवरा म्हटलं की आपल्याला बुडणं आठवतं. इथे तो दीडशे-दोनशे किलोमीटर रुंद आणि संथ असतो, हे वाक्यात सांगावं लागेल.)

बसायचं, उठायचं, पुन्हा बसायचं. याला मराठीत तयार शब्दप्रयोग आहे: मजल दरमजल. म्हणून वाक्य मी असं करेन: “समुद्रबूड जमिनीवरच्या गाळातून पाझरलेली लेशमूलद्रव्ये मजल दरमजल करत भरसमुद्रात पोचतात, बरीचशी वाटेतच बसतात.” शेवटचा तुकडा गाळू नका, अर्थाचा अर्धा भार त्यावर आहे.

मूळ लेखात पुढे रेडियम येत असेल तर सावध राहा. गाळातलं थोरियम जागचं हलत नाही, पण त्याच्यापासून बनणारं रेडियम-२२८ खाऱ्या पाण्यात सुटतं. त्याचा अर्धायुकाल, म्हणजे ऱ्हास होऊन निम्मं उरायला लागणारा काळ, सुमारे ५.७५ वर्षं. त्यामुळे भरसमुद्रातल्या पाण्यात ते किती उरलं आहे यावरून किनाऱ्यावरून किती पाणी आणि त्यासोबत किती द्रव्य आत गेलं, याचा हिशोब मांडता येतो. इंग्रजीत इथेही ‘ट्रेस’चंच भावंड ‘ट्रेसर’ वापरलेलं असेल. ते लेशाचं नव्हे, मागाचं आहे. तिथे ‘माग काढण्यासाठी रेडियम वापरतात’ असंच लिहा.