बेळगावात गच्चीवरच्या कुंड्यांतली झाडं पावसाळ्यात पिवळी पडून मरतात, खत-पाणी सगळं देऊनही. बाग बंद करावी का?

बंद कशाला करता? फक्त पुढचं झाड मेलं की फेकायच्या आधी कुंडी उपडी करून मुळं बघा. मी वडगावात राहते, गच्चीवर तीसेक कुंड्या आहेत, आणि पहिली तीन वर्षं मी हे एकदाही केलं नव्हतं. झाड वाळलं की नवीन रोप, चाललंय आपलं.

मग एका मिरचीनं शिकवलं. जुलैची झड लागलेली, आणि ही भर पावसात मान टाकून उभी. मला वाटलं खत कमी पडलं, म्हणून मूठभर शेणखत घातलं. दोन दिवसांत खालची पानं आणखी पिवळी. शेवटी चिडून कुंडी पालथी केली तर गटारीचा वास आला! वरची दोन बोटं माती सोडली तर खाली सगळी मुळं तपकिरी. एक चिमटीत धरून ओढलं, तर साल हातात आली आणि आत नुसता दोरा उरला. पाणी तुंबल्यानं मुळांना हवा मिळाली नव्हती. कुजलेली मुळं पाणी ओढत नाहीत, म्हणून बाई पाण्यात उभी राहून तहानलेली.

माती होती येळ्ळूर शिवारातली काळी. मामंजींनी कौतुकानं पोतं भरून आणलेली. तिच्यात बासमती पिकतो, कारण ती पाणी धरून ठेवते. भाताला ते पाहिजेच, कुंडीतल्या मिरचीला नको. (हे मामंजींना कसं सांगायचं, यात माझा आठवडा गेला.) आता ती एक वाटा, खानापूरकडची तांबडी एक वाटा, आणि एक वाटा शेणखत न् भाताचं तूस मिळून. शिवाय कुंडी स्लॅबवर सपाट ठेवली की खालचं भोक बंद होतं, म्हणून खाली जुन्या कौलाचे तुकडे.

हीच काळी माती एप्रिलमध्ये उलटा खेळ करते. सुकून आक्रसते, कुंडीच्या कडेला फट पडते, आणि ओतलेलं पाणी फटीतून थेट खाली. आपल्याला वाटतं भरपूर पाणी झालं, आत गड्डा कोरडाच. बोट घालून बघा.

टोमॅटोच्या बुडाला काळा डाग पडत असेल तर औषध मारू नका, तो रोग नाही. एक दिवस कोरडं, एक दिवस चिखल, असं झालं की कॅल्शियम फळापर्यंत पोचत नाही. पाण्याची वेळ धरा.

त्या मिरचीची कुजकी मुळं कापली, शेंडा निम्मा छाटला, छज्जाखाली ठेवली. गणपतीपर्यंत फुटली. तिच्या शेजारची दोन मात्र गेली, तीही त्याच पोत्यातल्या मातीत होती.

तुमची माती कुठली आहे, तेवढं सांगा.