कृष्णेची वाळू माशांच्या टाकीत चालेल का?

प्रश्न : धाकट्या मुलीच्या हट्टापायी २ बाय १ बाय १ फुटाची काचेची टाकी घेतली. दुकानदार म्हणतो, तळाला निळे-गुलाबी खडे टाका. घराच्या बांधकामातली नदीची वाळू उरली आहे, ती चालेल का? आमच्याकडे बोअरचं पाणी आहे. मासे कधी सोडायचे?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : चालेल. रंगीत खड्यांपेक्षा मला तीच आवडेल, कारण काही खड्यांचा रंग पाण्यात उतरतो. पण घमेल्यातून थेट टाकीत ओतू नका.

आपल्या कृष्णेची वाळू म्हणजे मुख्यतः काळ्या पाषाणाचा चुरा. त्याने पाणी बदलत नाही. बदलतं ते वाळूत मिसळलेल्या शिंपल्यांनी आणि चुनखडीच्या खड्यांनी. वाटीभर कोरड्या वाळूवर व्हिनेगर ओता. बारीक फसफस दिसली तर चुना आहे, मग ती वाळू झाडांच्या कुंड्यांना ठेवा. फसफस नसेल तर चाळा. १ ते २ मिलिमीटरचा दाणा उत्तम. पिठासारखी बारीक वाळू दाबून बसते, आत हवा पोचत नाही, वाळू काळी पडते आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो. खडे फार मोठे असले तर फटींत खाणं अडकून कुजतं. चाळलेली वाळू बादलीत थोडी थोडी घेऊन, वरचं पाणी निवळ येईपर्यंत धुवा. साबण अजिबात नको. तुमच्या टाकीत २ इंचांच्या थराला १३-१४ किलो पुरेल.

साताऱ्यात मी पहिली टाकी लावली तेव्हा माहुलीच्या संगमावरून वाळू आणली होती. तिच्यात शिंपल्यांचे तुकडे होते, चमकतात म्हणून मी ते मुद्दाम राहू दिले. आणि त्याच संध्याकाळी आठ निऑन टेट्रा सोडले. तिसऱ्या आठवड्यात एकही उरला नाही. शिंपले पाणी जड करतात ते सावकाश. माझे मासे गेले ते मुख्यतः घाईने. कुणी नवी टाकी घेतली की अजून मला ते आठ मासे आठवतात, म्हणून पुढचं जरा सविस्तर लिहितो.

माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. तो माशांना विष. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारी. दुसरे त्याचं नायट्रेट करतात, जे मासे बरंच सोसतात. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर आणि वाळूच्या दाण्यांवर वस्ती करतात. नव्या टाकीत ते नसतातच. म्हणून पाणी भरा, हवेच्या मोटरवर चालणारा स्पंज फिल्टर चालू करा आणि मासे न सोडता रोज चिमूटभर खाणं टाका. ४ ते ६ आठवडे लागतात. पाणी तपासायच्या टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले की टाकी तयार. ओळखीत कुणाची जुनी निरोगी टाकी असेल तर तिच्या फिल्टरचा स्पंज आपल्या टाकीत पिळा, वेळ वाचतो.

बोअरचं पाणी बहुधा जड असतं. त्यात गप्पी, मोली, प्लॅटी मजेत राहतात. निऑनचा आग्रह धरू नका. गोल्डफिशला ही टाकी लहान पडेल. पहिल्यांदा चारच गप्पी सोडा.

भरलेली टाकी ७० किलोच्या आसपास जाते. शोकेसवर नको, लोखंडी स्टँड घ्या, काचेखाली थर्माकोलची शीट घाला. खिडकीतलं ऊन लागलं तर पाणी हिरवं होईल.

मुलीला एवढे दिवस रिकामी टाकी बघायला लावणं कठीण आहे. रोजची चिमूट तिच्या हाताने टाकू द्या आणि व्हॅलिसनेरिया या पाणवनस्पतीची पाच-सहा रोपं तिलाच लावू द्या. मुळं वाळूत, पण पानं जिथून फुटतात तो गड्डा वर राहिला पाहिजे; पुरला तर कुजतो.