आबाजीची रायफल अन् हिरवी पडलेली काडतुसं

प्रश्न : नमस्कार भाऊ, आमचं गाव सिंदेवाही तालुक्यात. जुनं घर पाडताना कोठ्यावरच्या माळ्यात लोखंडी सांदूक भेटली, त्यात आबाजीची रायफल निघाली. नळीवर विंचेस्टर अन् मॉडेल १९०७ असं कोरलंय, ३५१ पण आहे. नळीखाली, लाकडाच्या पुढच्या टोकाशी एक दट्ट्या आहे, तो मागं ढकलला का आतलं लोखंड सरकते. संगं वीसेक काडतुसं आहेत, पितळ हिरवं पडलंय. गावातले म्हणतात हे अँटिक आहे, काडतूसच मिळत नाही त कायदा कसला, बैठकीत भिंतीवर लाव. एक मिस्त्री म्हणते दुसऱ्या काडतुसाचं पितळ कापून बसवून देतो. काय करावं? (एक वाचक, जि. चंद्रपूर)

उत्तर : भाऊ, सगळ्यात आधी तो दट्ट्या ढकलणं बंद करा. तोच या रायफलचा घोडा चढवायचा दांडा आहे, पोरं हमखास त्याच्याशीच खेळतात, अन् मॅगझिन (काडतुसं भरायची डबी) आत असेल तर ती भरलेलीच आहे असं समजून चाला.

आता वस्तू काय आहे ते सांगतो. विंचेस्टरच्या टॉमस क्रॉसली जॉन्सन नावाच्या डिझायनरनं १९०५, १९०७ अन् १९१० अशी तीन मॉडेलं काढली, तिन्ही सेल्फ-लोडिंग, म्हणजे ट्रिगर एकदा दाबला का एकच गोळी, पण पुढची आपोआप चढते. बोल्ट म्हणजे काडतुसाच्या मागं बसणारा, नळीचं मागचं तोंड बंद करणारा लोखंडी तुकडा. हातानं चालवायच्या बोल्ट ॲक्शन रायफलीत तो फिरवून कुलूप लागते तसं यात कुलूपच नाही, गोळी सुटताना मागचं तोंड धरून ठेवते ते फक्त बोल्टचं वजन अन् स्प्रिंग. नळीखालचं लाकूड तुम्हाला जाडजूड वाटलं असेल, त्याच्या पोटात लोखंडाचा मोठा ठोकळा लपवलाय, म्हणूनच रायफल हातात घेतली का पुढं ओढते. ही सगळी जुळवणी एकाच काडतुसाच्या ताकदीवर बेतलेली आहे. .३५१ ची गोळी १८० ग्रेनची, म्हणजे साडेअकरा ग्रॅमच्या वर. हरण-अस्वलाच्या जंगलात जवळून मारायला अमेरिकेत हिला चांगली मागणी होती, पहिल्या महायुद्धात फ्रान्सनं पण घेतल्या, अन् हे मॉडेल पन्नासेक वर्षं बनत राहिलं. पण हे काडतूस या रायफलसाठीच काढलेलं होतं, त्यामुळं रायफल बनणं बंद झालं तसं काडतूसही गेलं. त्याच जमान्यातली रेमिंग्टन मॉडेल ८ बघा, ती ब्राउनिंगची, तिच्यात नळीच झटक्यासरशी मागं सरकते अन् बोल्टला नीट कुलूप लागते. तिचं .३५ रेमिंग्टन काडतूस दुसऱ्या रायफलींतही चालत होतं म्हणून ते टिकलं. नावातले ३५ अन् ३५१ बघून कोणी एकाच माळेचे मणी समजू नये, दोन्ही काडतुसं येगळी आहेत.

म्हणून तुमच्या मिस्त्रीला हात जोडून घरी पाठवा. कुलूप नसलेल्या रायफलीत अंदाजानं भरलेलं काडतूस वाजलं अन् दाब जास्त झाला, तर पितळ फाटून गरम गॅस मागं येतो, अन् मागं तुमचा डोळा असतो. शिवाय लायसन्सशिवाय काडतूस बनवणं हा गुन्हा आहे, बनवणारा अन् बाळगणारा दोघंही अडकतात.

हिरव्या काडतुसांचं मला जास्त भेव वाटते. ती कोठ्यावर होती ना? इंग्रजांच्या फौजेला आपल्याच देशात हा अनुभव आला होता, पावसाळ्यात तबेल्याजवळ ठेवलेली पितळी काडतुसं आपोआप तडकायची. कारण १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल अन् मॅलिन्सन यांनी उलगडून दाखवलं: काडतुसाचं तोंड गोळीभोवती आवळताना पितळात ताण राहून जातो, अन् जनावरांच्या मुतातला अमोनिया ओलाव्यासंगं त्याच ताणाच्या जागी पितळ खात जातो. ढोरं खाली, सांदूक वर, एवढे पावसाळे, मग काय राहिलं. भिंग घेऊन बघाल तर गोळीच्या गळ्याशी केसासारखी उभी चीर दिसेल, पण बघू नकाच, हात लावू नका. घासून चमकवू नका, चुलीत टाकू नका, विहिरीत तर अजिबात टाकू नका. (आमच्या मामाजीकडं बारा बोअरची कागदी काडतुसं होती, ती पावसाळ्यात अशी फुगायची का नळीत जायचीच नाहीत. ते बरं होतं, फुगलेलं डोळ्याला दिसते, चीर दिसत नाही.)

अँटिकचं म्हणाल तर गावात हा गैरसमज घरोघरी आहे. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ४५ मध्ये जुन्यापुराण्या शस्त्राला सूट आहे, पण ते दुरुस्त करूनही वाजणार नाही असं असेल तरच. काडतूस बाजारात मिळत नाही म्हणजे बंदूक मेली असं कायदा धरत नाही. अन् सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे तुमच्यासारखी सेल्फ-लोडिंग रायफल आपल्याकडं प्रतिबंधित वर्गात येते, कलेक्टर ऑफिसच्या साध्या लायसन्सवर चालत नाही. आबाजीचं जुनं लायसन्स, वारसाचे कागद, जे असेल ते सांदुकीत शोधा. पण रायफल गाडीवर टाकून स्वतः ठाण्यात नेऊ नका, रस्त्यात अडवलं तर सांगत बसाल. ठाण्यात लेखी कळवा, त्यांना घरी बोलवा, पंचनामा होऊ द्या, जमा केल्याची पावती घ्या. कलम २१ प्रमाणे जमा करणं तुमच्यावर बंधनकारकच आहे, वारस म्हणून अर्ज करायचा का नाही ते नंतर वकिलाला विचारून ठरवा.

प्रश्न : माझ्या सासऱ्याकडं लायसन्सवाली विंचेस्टर १९०३, बावीस नंबरची. साधी .२२ एलआर (लाँग रायफल काडतूस) ढिली बसते, चालवावी का? (अचलपूर)

उत्तर : नाही. तिचं काडतूस .२२ विंचेस्टर ऑटोमॅटिक, पितळ जाड घेराचं. एलआर त्यात लटलट हलते अन् वाजली का फाटते. एलआर चालणारं मॉडेल ६३ हे १९३३ चं, दिसायला सारखं असलं तरी १९०३ नव्हे. ती कपाटातच राहू द्या.

प्रश्न : डुकरांनी वावर उकरून टाकलं, जागली करून जीव गेला. वनखात्याची परवानगी आणली तर आजोबाची जुनी ऑटोमॅटिक काढता येईल का? (ता. उमरेड)

उत्तर : परवानगी डुकराची मिळते हो, बंदुकीची नाही. त्या कागदावर लायसन्सवालं हत्यार अन् लायसन्सवाला माणूस दोन्ही लागतात. आजोबाच्या रायफलीचं लायसन्स आजोबासंगंच गेलं.