वजन उतरतं, पण पुन्हा वाढतं, काय करावं?

रात्रीचं जेवण सोडलं की वजन उतरतं, सुरू केलं की परत चढतं, असं तुम्ही विचारलंय. उपाशी राहिल्याने चरबीसोबत स्नायूही झिजतात आणि शरीराची ऊर्जेची गरजच घटते. म्हणून जेवण सोडू नका. ज्वारीची भाकरी खुशाल खा, फक्त दोनच्या जागी दीड, आणि मटकीची उसळ वाटीभर जास्त. आपल्याकडे मुख्य घोळ तेलाचा आहे. शेंगदाण्याच्या चटणीवर सोडलेलं मोठा चमचाभर तेल म्हणजे सुमारे १२० कॅलरी! पाहुण्यांकडे बिनसाखरेचा चहा मागायला लाजू नका. मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात पहाटेच चाला, थोड्या उठाबशाही काढा. आठवड्याला अर्धा किलो उतरलं तरी पुष्कळ. शुगर-बीपीच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.