लिंक गेल्यावर शाखेतले आयपी फोन चालू राहिले, पण बाहेर कॉल का लागत नव्हता?

तुमच्या प्रश्नावरून मला समजलं ते असं: कॉल मॅनेजर (सगळे फोन चालवणारा सिस्कोचा सर्व्हर) पुण्यात हेड ऑफिसला, शाखा नाशिकला. शाखेत चाळीसेक सिस्कोचे फोन आणि राउटरमध्येच पीआरआय, म्हणजे टेलिफोन कंपनीची बाहेरच्या कॉलसाठीची डिजिटल लाइन. पुण्याशी जोडणारी लिंक गेली तेव्हा एक्स्टेन्शन ते एक्स्टेन्शन बोलता येत होतं, पण बाहेरचा कॉल ना जात होता ना येत होता. व्हेंडर म्हणतो, "फोन रजिस्टर झाले होते, म्हणजे बॅकअप चाललं."

व्हेंडर खोटं बोलत नाहीये, पण त्याने अर्धंच काम केलंय.

आयपी फोनला स्वतःची अक्कल फारशी नसते. रिसीव्हर उचलला, बटण दाबलं, की पुढे काय करायचं ते तो कॉल मॅनेजरला विचारतो. दर ३० सेकंदांनी हाक देऊन तो तिकडे कोणी आहे ना हे बघत असतो. साधारण तीन हाकांना ओ मिळाली नाही की शाखेतल्या राउटरकडे जाऊन रजिस्टर होतो. यालाच एसआरएसटी म्हणतात, आणि तुमच्याकडे एवढंच झालं.

आता गेटवे, म्हणजे राउटरचा पीआरआय सांभाळणारा भाग. पीआरआयवर आवाजाचे ३० चॅनेल आणि सिग्नलिंगचा एक, म्हणजे डी चॅनेल. गेटवे एमजीसीपी या कॉल मॅनेजरच्या हुकमावर चालणाऱ्या प्रोटोकॉलवर असेल (तुमचा तसाच असणार, लक्षणं तीच आहेत) तर डी चॅनेलवरचे निरोप राउटर स्वतः वाचतच नाही, उचलून थेट पुण्याला पाठवतो. म्हणजे पेटी एकच, पण आत कामगार दोन. मालक गेल्याचं कळल्यावर एकाने फोन सांभाळायला घेतले. दुसरा अजून पुण्याच्या हुकमाची वाट बघत बसलाय.

मालक नसेल तर काम स्वतः घे, असं त्यालाही सांगावं लागतं. राउटरवर 'सीसीएम-मॅनेजर फॉलबॅक-एमजीसीपी' आणि 'सर्व्हिस अल्टरनेट डिफॉल्ट' या दोन्ही ओळी आहेत का बघा. असल्या तरी डायल-पीअर, म्हणजे कोणता नंबर कुठे पाठवायचा याचे राउटरवरचे नियम, लागतात. शून्य दाबून बाहेर जायची जी सवय लोकांना आहे, तिचा नियम एरवी कॉल मॅनेजरमध्ये असतो, राउटरला तो ठाऊक नसतो. येणाऱ्या कॉलचंही तसंच. एक्स्चेंज पूर्ण नंबर पाठवत असेल आणि त्यातले शेवटचे चार आकडे कॉल मॅनेजर काढून घेत असेल, तर तेच काम राउटरवर ट्रान्सलेशन रूल लिहून करून घ्यावं लागतं. शिवाय पुण्याहून शाखेचं एक्स्टेन्शन फिरवणाऱ्यांसाठी कॉल मॅनेजरमध्ये 'कॉल फॉरवर्ड अनरजिस्टर्ड' भरा, म्हणजे त्यांचा कॉल पीआरआयवरून फिरून येईल.

माझं मत विचाराल तर शाखेच्या गेटवेवर एमजीसीपी ठेवूच नका. एच.३२३ किंवा सिप (राउटरला स्वतः कॉल हाताळू देणारे प्रोटोकॉल) ठेवलं की डी चॅनेल राउटरवरच संपतो आणि डायल-पीअर रोजच्या वापरातले होतात. चूक असली तर ती सोमवारी सकाळीच कळते, लिंक तुटायची वाट बघावी लागत नाही. एमजीसीपीचा आणखी एक तोटा म्हणजे फॉलबॅक होताना, म्हणजे काम राउटरकडे जाताना, पीआरआयवर चालू असलेले कॉल तुटतात. शाखेतल्या दोन फोनमधलं बोलणं मात्र चालू राहतं, कारण आवाज थेट फोन ते फोन जात असतो.

अवाया या दुसऱ्या कंपनीचे फोन वापरणाऱ्यांनाही हे दुखणं चुकलेलं नाही. तिथे राखीव प्रोसेसर असला तरी फोनची यादी वेगळी आणि गेटवेची एमजीसी यादी (त्याने कोणाचा हुकूम घ्यायचा ती) वेगळी. फोन एकीकडे आणि गेटवे दुसरीकडे गेला की पुन्हा तेच.

चाचणी रविवारी घ्या. लिंकची केबल काढा, पाच मिनिटं थांबा. राउटरवर 'शो आयएसडीएन स्टेटस' या कमांडमध्ये 'मल्टिपल फ्रेम एस्टॅब्लिश्ड' दिसायला हवं. मग शाखेतून मोबाईलला आणि मोबाईलवरून शाखेला, असे दोन्हीकडून कॉल लावा. केबल परत लावल्यावर फोन लगेच पुण्याकडे गेले नाहीत तर घाबरू नका, लिंक १२० सेकंद टिकल्याशिवाय ते हलत नाहीत.

आणि चाचणीत एक फोन मुद्दाम रीस्टार्ट करा. हे मी एका कारखान्यात शिकलो. रस्त्यावर जेसीबीने फायबर तोडली, आमचं सगळं नीट फॉलबॅकला गेलं, मी खूश. अर्ध्या तासाने गेटवरच्या वॉचमनचा मोबाईलवरून फोन, "साहेब, फोनला व्हायरस लागलाय." स्क्रीनवर 'सीएम फॉलबॅक सर्व्हिस ऑपरेटिंग' असं इंग्रजीत आलं होतं, म्हणून त्याने केबल काढून परत लावली होती. डीएचसीपी सर्व्हर (फोनला आयपी पत्ता देणारा) हेड ऑफिसला, लिंक तुटलेली, त्यामुळे फोनला आयपीच मिळेना. दुरुस्ती होईपर्यंत गेटवरचा फोन मुका. दुसऱ्या दिवशी मी डीएचसीपी राउटरवर आणलं आणि स्क्रीनवरचा तो मजकूर बदलून 'फोन चालू आहे' असं रोमन अक्षरांत टाकलं.