रस्त्यावरचा रुग्ण: आधी व्यसन की आधी आजार?

प्रश्न: दुकानाच्या पायरीवर एक जण झोपतो. एकटाच बडबडतो, व्हाइटनर हुंगतो, कधी दारूही पितो. दारू सोडवणारी पावडर चहातून दिली तर?

उत्तर: मुळीच देऊ नका. त्या पुडीत काय आहे, हे विकणाराही सांगत नाही. दारू सोडवण्यासाठी दिलं जाणारं डायसल्फिराम हे औषध असलं आणि वर दारू पोटात गेली, तर जीव जाऊ शकतो.

प्रश्न: मग दारू मिळूच दिली नाही तर?

उत्तर: रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली, की दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो. दारू सोडवायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

प्रश्न: पोलिसांना कळवलं तर ते त्याला कोठडीत टाकतील ना?

उत्तर: टाकता येत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७, कलम १०० वाचा. अशा माणसाला संरक्षणात घेऊन २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्यसंस्थेत नेणं हे पोलिसांचं कर्तव्य आहे. बेघर असेल तर हरवल्याची नोंद करून घरच्यांचा शोधही त्यांनीच घ्यायचा. ११२ लावा.

प्रश्न: व्यसनमुक्ती केंद्र म्हणतं, आधी मनाचा इलाज करा. मनोरुग्णालय म्हणतं, आधी व्यसन सोडवा. कोणाचं ऐकू?

उत्तर: कोणाचंच नाही. माझ्याकडे आणलेल्या एकाच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत तीन केसपेपर होते. तिन्हींवर मजकूर एकच: दुसरीकडे पाठवावे. यात दोन महिने गेले होते आणि पायाच्या जखमेत किडे पडले होते. कानातले आवाज दबावेत म्हणून तो हुंगायचा, आणि हुंगल्यानं संशय आणखी वाढायचा. यात आधी-नंतर कसं लावणार? दोन्हींचे उपचार एकाच छताखाली, एकाच वेळी व्हायला हवेत: जखम, क्षयाची तपासणी, जेवण, झोप आणि सोबतच मनाची औषधं. गोळ्या सांभाळायला जागाच नसेल, तर महिन्याला एक इंजेक्शन चालेल का, हे मानसोपचारतज्ज्ञाला विचारा. दारू-ड्रग्जमुळे होणारे मानसिक विकार कायद्यानं मानसिक आजारातच धरले आहेत. ‘सही करायला नातेवाईक नाही’ ही सबबही चालत नाही. कोणीच नसेल तर समाजकल्याण संचालक किंवा त्यांचा माणूस रुग्णाचा प्रतिनिधी म्हणून नेमण्याची तरतूद आहे. नकार मिळाला तर तो लेखी मागा. पुढं काय करायचं ते टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर विचारा, फोन मोफत आहे.

प्रश्न: बरा झाल्यावर घरचे घेतील का?

उत्तर: पुष्कळदा घेतात. कर्जतच्या श्रद्धा पुनर्वसन केंद्रातून डॉ. भरत वाटवानी यांनी हजारोंना घरी पोचवलं. २०१८चा मॅगसेसे पुरस्कार त्याच कामासाठी. पण औषध थांबलं की माणूस पुन्हा रस्त्यावर येतो. गावाजवळच्या सरकारी दवाखान्यात मानसोपचाराची ओपीडी कोणत्या वारी असते, हे त्याला घरी सोडायला जाण्याआधीच विचारून ठेवा.