मॅस्टोडॉनवर नवीन आहात? आधी एवढंच करा

टाइमलाइन ओस दिसली म्हणून लगेच खातं बंद करू नका. मॅस्टोडॉन या सोशल नेटवर्कवर अल्गोरिदम तुमच्यापुढे काही आणून ठेवत नाही. ज्यांना फॉलो कराल त्यांचंच दिसतं, तेही वेळेच्या क्रमाने. म्हणून सुरुवातीला सढळ हाताने फॉलो करा, माणसांना आणि हॅशटॅगनाही. #मराठी पहिला घ्या.

मॅस्टोडॉन अनेक स्वतंत्र सर्व्हर मिळून बनलंय आणि खातं त्यातल्या एकावर उघडतं. तो सर्व्हर निवडताना अडकून पडू नका. तो पुढे बदलता येतो आणि फॉलोअर सोबत येतात, जुन्या पोस्ट मात्र मागेच राहतात.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका:

- नुसतं लाइक करणं. त्याने पोस्ट पुढे जात नाही. आवडली तर बूस्ट करा, म्हणजे आपल्या फॉलोअरना पुढे शेअर करा.
- प्रोफाइल कोरं ठेवणं. एका पोस्टला सहसा ५०० अक्षरं मिळतात, त्यात छान ओळख लिहा आणि ती पोस्ट प्रोफाइलवर सगळ्यात वर पिन करा.

बाकी सेटिंग नंतर बघू. आज दोघा-तिघांना मनापासून उत्तर द्या.